तांब्याच्या पैशाची पारख : लहान नाण्यांचा संग्रह आणि प्रतवारी

व्यवहारातून गेलेली नाणी भाषेत मात्र दीर्घकाळ राहतात. आजही आपण 'पै न पै' चुकती करतो, कोणाच्या पदरी 'दमडी' नसते, आणि कंजूष माणसाविषयी 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' असे म्हटले जाते. रुपया किंवा मोहोर यांच्याहून या लहान नाण्यांचीच आठवण लोकभाषेने अधिक जपली, याचे कारण उघड आहे. शेतमजुराच्या, हमालाच्या, मोळीविक्या बाईच्या हाताशी रोज येणारे नाणे तांब्याचे होते. रुपया हा सारा भरण्याचा आणि सावकाराच्या वहीतला. मीठ, तेल, तंबाखू यांचा सौदा पैशाचा आणि पैचा.

भारताच्या चलनाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात विचार आहे तो चांदी-सोन्याच्या प्रमाणाचा आणि रुपयाच्या स्थैर्याचा. प्रस्तुत लेखात आम्ही त्याच रुपयाच्या तळाशी असलेल्या लहान नाण्यांकडे वळत आहोत. ती कोणती, ती कशी गोळा करावीत, आणि विशेषतः त्यांची प्रत कशी ठरवावी, हे विद्यार्थ्यांना समजावे हा हेतू आहे. प्रतवारी म्हणजे वस्तू आहे तशी पाहणे आणि पाहिली तशी सांगणे. ही सवय नाण्यांच्या डबीपुरती उपयोगी आहे असे मात्र कोणी समजू नये.

जुना हिशेब

दशमान पद्धती येण्यापूर्वी एका रुपयाचे सोळा आणे, एका आण्याचे चार पैसे आणि एका पैशाच्या तीन पै होत. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पै. इंग्रजी अमलातील नाण्यांवर पैशाला 'पाव आणा', अर्ध्या पैशाला 'हाफ पाइस' आणि पैला 'एक-द्वादशांश आणा' असे छापलेले असे. अर्धा आणा म्हणजे दोन पैसे. हे तांब्याचे सर्वांत जड नाणे.

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ साली आपल्या सर्व मुलखासाठी एकसारखे चलन ठरवले. त्यानुसार रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा. तांब्याच्या पाव आण्याचे वजन १०० ग्रेन (सुमारे ६.४८ ग्रॅम), अर्ध्या आण्याचे २०० ग्रेन, अर्ध्या पैशाचे ५० ग्रेन आणि पैचे ३३⅓ ग्रेन. हे आकडे विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावेत. पुढे खऱ्या-खोट्याची परीक्षा करताना तराजू हाच पहिला साक्षीदार ठरतो.

संग्रहात काय येते

आपल्याकडच्या घरांत, जुन्या पत्र्याच्या डब्यांत, आठवडी बाजारातल्या मोडीच्या दुकानांत जी तांब्याची नाणी मिळतात, ती साधारणपणे पुढील गटांत बसतात.

पहिला गट शिवराईचा. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि एका बाजूस तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस दोन ओळींत 'छत्र पति' अशी नागरी अक्षरे असलेले तांब्याचे नाणे चालू झाले. हे नाणे इतके लोकांच्या अंगवळणी पडले की पुढे पेशवाईतही त्याच मजकुराच्या शिवराया पाडल्या जात राहिल्या. अक्षरांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या उत्तरकालीन नाण्यास 'दुदांडी शिवराई' म्हणतात.

दुसरा गट कंपनीच्या नाण्यांचा. मुंबई इलाख्यासाठी १७९१ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत, मॅथ्यू बोल्टन यांच्या यंत्रांवर, तांब्याची नाणी पाडण्यात आली. त्यांच्यावर तराजूचे चित्र व फारसी लिपीत 'अदल', म्हणजे न्याय, हा शब्द आहे. १८३५ पासूनच्या पाव आण्यावर एका बाजूस कंपनीचे चिन्ह व दुसऱ्या बाजूस पानांच्या वेढ्यात मूल्य असते.

तिसरा गट राजमुद्रेचा. १८६२ पासून व्हिक्टोरिया राणीची प्रतिमा आली. १८७६ पर्यंत 'क्वीन' आणि १८७७ पासून 'एम्प्रेस' असा लेखात बदल झाला. सातव्या एडवर्डच्या काळात, १९०६ साली, शुद्ध तांब्याऐवजी कासे, म्हणजे तांबे, कथिल व जस्त यांची मिश्र धातू, वापरात आली आणि पाव आण्याचे वजन १०० ग्रेनवरून ७५ ग्रेनवर (सुमारे ४.८६ ग्रॅम) उतरले. १९०६ या एकाच सालाचे पाव आणे दोन्ही धातूंत सापडतात. डोळ्यांना ते सारखेच भासतात. तराजूवर मात्र क्षणात वेगळे होतात. विद्यार्थ्यांसाठी याहून चांगला पहिला धडा आम्हांस ठाऊक नाही.

चौथा गट युद्धकाळातील 'भोकाच्या पैशा'चा. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची चणचण भासू लागली, तेव्हा १९४३ साली पैसा लहान करून त्याच्या मध्यभागी मोठे भोक ठेवण्यात आले. १९४७ पर्यंत तो निघत राहिला. धातूची बचत किती निकराची होती हे ते भोकच सांगते.

पाचवा गट प्रजासत्ताकाचा. १९५० साली निघालेल्या एक पैशाच्या काशाच्या नाण्यावर राजाचे मस्तक नाही. दर्शनी बाजूस सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष आणि मागील बाजूस धावता घोडा आहे. त्याच सिंहशीर्षाच्या पाटावर हत्ती, घोडा, बैल व सिंह असे चार प्राणी आणि त्यांच्यामध्ये धम्मचक्रे कोरलेली आहेत. त्यांतलाच हा घोडा. सम्राट अशोकाचे शिल्प प्रजासत्ताकाच्या सर्वांत लहान नाण्यांत येऊन गरिबातल्या गरीब माणसाच्या मुठीत पोहोचले, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती आली, रुपयाचे शंभर 'नये पैसे' झाले आणि अवघ्या दीड ग्रॅमचा काशाचा नया पैसा निघाला.

प्रत म्हणजे काय

नाण्याची प्रत म्हणजे ते टांकसाळीतून निघाल्यानंतर त्याच्यावर काय काय गुदरले याचे मोजमाप. नाणे जुने आहे की नवे, दुर्मीळ आहे की सर्वत्र मिळणारे, हे प्रश्न वेगळे आहेत. १८३५ चा पाव आणा पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे. परंतु तो इतक्या विपुल संख्येने पाडला गेला की झिजलेल्या प्रतीत आजही सहज मिळतो. वय म्हणजे मोल नव्हे, ही समजूत पक्की करूनच पुढे जावे.

संग्राहकांत इंग्रजी नावेच रूढ आहेत, म्हणून ती येथे तशीच देतो.

'पुअर' : नाणे कोणते एवढेच कसेबसे ओळखू येते; साल बहुधा वाचता येत नाही.

'गुड' : नाव चांगले असले तरी प्रत हलकी. बाह्यरेषा दिसते, साल वाचता येते, आतील बारकावे पुसलेले असतात.

'फाइन' : झीज सर्वत्र सारखी; अक्षरे पूर्ण; ठळक बारकावे शिल्लक.

'व्हेरी फाइन' : केसांच्या बटा, वस्त्रावरील नक्षी, पानांच्या शिरा बऱ्याच अंशी दिसतात. फक्त उंचवट्यांवर झीज.

'एक्स्ट्रिमली फाइन' : अगदी उंच टोकांवरच किंचित झीज, मूळ चकाकीचा अंश आडोशाच्या जागी टिकून.

'अनसर्क्युलेटेड' : व्यवहारात न आलेले नाणे. झीज मुळीच नाही. पिशवीत एकमेकांवर आदळल्याचे ओरखडे असू शकतात.

'प्रूफ' ही प्रत नसून नाणे पाडण्याची एक वेगळी, विशेष काळजीची पद्धत आहे, हेही लक्षात असावे.

आकड्यांत प्रत सांगण्याची १ ते ७० अशी जी श्रेणी आज जगभर वापरतात, तिचा उगमही तांब्याच्या लहान नाण्यांतच आहे. अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली तेथील जुन्या, मोठ्या आकाराच्या तांब्याच्या सेंटांवर लिहिलेल्या ग्रंथात ती प्रथम मांडली. जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्यास १ आणि सर्वांगपरिपूर्ण नाण्यास ७०. आणि पहिल्याहून दुसऱ्याची किंमत सत्तर पट असावी, असा त्यामागचा विचार होता. किमतीचे ते गणित पुढे टिकले नाही, श्रेणी टिकली.

या शेल्डन यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम प्रतीचे सेंट त्यांनी काढून घेतले आणि त्यांच्या जागी हलक्या प्रतीचे ठेवले, असे त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. संग्रहातील नाण्यांची जुनी छायाचित्रे उपलब्ध होती. तांब्याच्या प्रत्येक नाण्यावरील ओरखडे व डाग माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे वेगवेगळे असतात. त्यांवरून अदलाबदल सिद्ध झाली. प्रत ठरवण्याचे ज्ञान आणि प्रामाणिकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नोंद नीट ठेवलेली असेल तर ती विद्वानाच्या हातचलाखीवरही मात करते, हा त्यातला बोध.

झीज वाचण्याची रीत

नाणे नेहमी कडेला धरावे. बोटांचा घाम तांब्यावर कायमचा ठसा उमटवतो. खाली मऊ कापड असावे. दिवसाच्या उजेडात किंवा एकाच दिव्याखाली नाणे हळूहळू कलते करीत पाहावे, म्हणजे सपाट भागावरील ओरखडे व उरलेली चकाकी दिसते. मग पाच ते दहा पट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे.

प्रथम उंचवटे पाहावेत, कारण झीज तेथून सुरू होते. व्हिक्टोरियाच्या पाव आण्यावर मुकुटाची कड, कानाजवळील केस व वस्त्रावरची नक्षी. पंचम जॉर्जच्या नाण्यावर मुकुट, कान व मिशा. भोकाच्या पैशावर मुकुट व पानांच्या वेढ्याच्या शिरा. १९५० च्या पैशावर सिंहांची आयाळ व घोड्याचे अंग. दोन्ही बाजूंची प्रत वेगळी असल्यास दोन्ही लिहाव्यात.

येथे एक सावधगिरी हवी. नाण्यावर जे नाही, ते सर्व झिजूनच गेले असे नसते. शिवराई हाताने ठोकून पाडलेली असे आणि ठसा बहुधा तांब्याच्या चकतीहून मोठा असे. त्यामुळे 'छत्र' आहे आणि 'पति' अर्धेच उमटले आहे, अशी नाणी पुष्कळ मिळतात. हा ठोकण्याचा दोष झाला, झीज नव्हे. ओळखण्याची खूण अशी : झिजलेल्या जागी धातू गुळगुळीत व उंचवटा बसलेला असतो, न उमटलेल्या जागी मुळातच अक्षर नसते, आणि शेजारचे अक्षर मात्र धारदार असते. नोंदीत 'झीज' व 'ठसा' असे दोन वेगळे रकाने ठेवावेत.

रंग, कळंक आणि चिंच

चांदीहून तांब्याची प्रतवारी अवघड, कारण तांबे हवेशी सतत व्यवहार करीत असते. नवे नाणे लालसर व तेजस्वी असते. हवेतील प्राणवायूने त्यावर प्रथम तांबूस-तपकिरी, मग गडद तपकिरी थर चढतो. म्हणून न वापरलेल्या तांब्याच्या नाण्यांचे रंगावरून तीन भाग पाडतात. सुमारे ९५ टक्के मूळ लाली शिल्लक असेल तर 'रेड', पाच टक्क्यांहून कमी असेल तर 'ब्राउन', आणि मधले सगळे 'रेड-ब्राउन'.

तपकिरी थर हा मळ नव्हे. तो धातूचाच वरचा पापुद्रा असून आतल्या तांब्याचे रक्षण करतो. आपल्या घरांत तांब्या-पितळेची भांडी चिंच, मीठ, लिंबू, राख यांनी लख्ख घासण्याची चांगली रीत आहे. भांड्यास ती योग्य, नाण्यास घातक. चिंचेतील आम्ल तो थर विरघळवते, राखेचे कण सूक्ष्म रेघा पाडतात, आणि काही क्षण गुलाबी चमकणारे नाणे पुढे निस्तेज व डागाळलेले होते. अशा नाण्याची प्रत कितीही ठळक असली तरी नोंदीत 'घासलेले' असे लिहावेच लागते, आणि जाणता संग्राहक त्याकडे पाठ फिरवतो. झीज हा नाण्याचा इतिहास आहे. घासणे म्हणजे तो इतिहास खोडणे.

हिरव्या रंगाचे दोन प्रकार वेगळे ओळखावेत. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर बहुधा स्थिर असतो. त्यास हात लावू नये. फिकट हिरवी, पिठासारखी, खरवडता येणारी बुकटी मात्र क्षारांमुळे होणाऱ्या रोगाची खूण आहे. ती दमट हवेत पसरत जाते. असे नाणे तत्काळ इतरांपासून वेगळे व कोरड्या जागी ठेवावे. मऊ प्लॅस्टिकच्या काही पाकिटांमुळे नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. तो शुद्ध ॲसिटोनमध्ये निघतो. परंतु ॲसिटोन ज्वालाग्राही असल्याने हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली, मोकळ्या हवेतच व्हावे.

कोकणातील व घाटमाथ्यावरील पावसाळा तांब्यास मानवत नाही. आम्लरहित कागदाची पाकिटे, घट्ट झाकणाचा डबा आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या एवढी सामग्री पुरेशी आहे.

चमत्काराचे नाणे

प्रतवारीचा अभ्यास केवळ छंद का नाही, हे पुढील प्रकारावरून कळेल. खेड्यापाड्यांतून 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' असे लिहिलेली आणि देवादिकांची चित्रे असलेली तांब्याची नाणी फिरतात. ती तांदळाचे दाणे ओढतात, त्यांत दैवी शक्ती आहे, परदेशात त्यांना कोट्यवधी रुपये मिळतात, अशी बतावणी करून 'राइस पुलर' या नावाखाली लोकांना फसवल्याच्या तक्रारी देशात अनेक ठिकाणी पोलिसांकडे नोंदल्या गेल्या आहेत. यात घामाची कमाई घालवणारे पुष्कळ जण कष्टकरी कुटुंबांतलेच असतात.

आपण शिकलेल्या मोजमापाने या नाण्याची परीक्षा करू. कंपनीचे सर्व मुलखासाठीचे एकसमान चलन १८३५ साली सुरू झाले. १८१८ साली ते नव्हतेच. यांपैकी कित्येक नाण्यांवर 'एक आणा' असे मूल्य असते; परंतु देशभर चाललेले एक आण्याचे नाणे प्रथम १९०७ साली आले, आणि तेही तांबे-निकेलच्या मिश्रणाचे. कंपनीच्या एकसमान चलनातील तांब्याच्या नाण्यांवर तिचे चिन्ह व मूल्य असे. रामदरबार किंवा हनुमान यांची चित्रे त्यांच्यावर कधीच नव्हती. राहिला तांदूळ. तांबे चुंबकास दाद देत नाही आणि तांदूळही देत नाही. दाण्यांना लोखंडाची पूड लावून आत चुंबक दडवले की 'चमत्कार' घडतो. भारतीय रिझर्व्ह बँकेनेही २०२१ साली जाहीर निवेदन काढून, जुनी नाणी व नोटा यांच्या खरेदी-विक्रीसाठी बँक कोणतेही शुल्क वा दलाली मागत नाही आणि तसा अधिकार कोणालाही दिलेला नाही, असा इशारा दिला आहे.

साल, मूल्य, धातू, वजन या चार प्रश्नांपुढे ते नाणे टिकत नाही. हे प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही. आठवीतील मुलगा किंवा मुलगी ते विचारू शकते, आणि घरातल्या मोठ्यांना वाचवू शकते.

नोंद आणि कायदा

प्रत्येक नाण्याची स्वतंत्र चिठ्ठी असावी. तिचा नमुना असा : 'पाव आणा, १८६२, तांबे, वजन ६.३ ग्रॅम, दर्शनी बाजू फाइन, मागील बाजू व्हेरी फाइन, रंग तपकिरी, कडेला एक ठोका, घासलेले नाही, आजीच्या डब्यातून, गाव अमुक, तारीख अमुक.' शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे. नाणे कोठून आले हे एकदा हरवले की पुन्हा सापडत नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसे मारल्याचे त्यात दिसले आणि एका राजसत्तेने दुसरीवर मिळवलेल्या विजयाचा पुरावा हाती आला. तीच नाणी एकेक करून विकली वा वितळवली गेली असती, तर हा पुरावा नाहीसा झाला असता.

म्हणूनच कायदाही माहीत असावा. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्यांस कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. शंभर वर्षे वा अधिक जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि ते परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. नांगराच्या फाळाला नाणी लागली तर ती न धुता, न वाटून घेता, जागा लक्षात ठेवून शिक्षकांस सांगावे. पुढील अभ्यासाची ज्यांना ओढ लागेल, त्यांनी नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय अवश्य पाहावे.

समारोप

विद्यार्थी मित्रहो, सोन्याच्या मोहोरा जमवणे आपल्यापैकी बहुतेकांस शक्य नाही, आणि त्याची खंत बाळगण्याचे कारणही नाही. मोहोरा पेटीत राहिल्या म्हणून गुळगुळीत झाल्या नाहीत. पै आणि पैसा मात्र हजारो हातांतून गेले, म्हणून झिजले. ज्या माणसांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत, त्यांच्या बोटांनी ती झीज घडवली आहे. ती चिंचेने घासून पुसू नका. विकताना 'फाइन'ला 'व्हेरी फाइन' म्हणू नका. विकत घेताना समोरच्याच्या अज्ञानावर नफा कमावू नका. आजीच्या डब्यातला पैसा तिच्याच हातून घ्या, तिला त्याचा हिशेब विचारा, आणि ती सांगेल ते चिठ्ठीवर लिहा. नाणे जसे आहे तसे पाहणे आणि तसेच सांगणे, एवढीच प्रतवारीची अट आहे. आणि ती पाळण्यास लागणारे भिंग, तराजू व वही ही तिन्ही साधने आपल्या आवाक्यातली आहेत.